अकरा मुली, तीस सह्या

"सर, मी सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी, सरकारी अनुदानावर चालणाऱ्या कौशल्य केंद्रात शिवणकाम शिकवते. वय २९. बॅच कागदावर तीसची आहे. रोज येतात अकरा, फार तर तेरा. अंगठ्याचं मशीन 'बिघडलेलं' असल्यामुळे हजेरी रजिस्टरवर चालते. महिनाअखेर तीसही रकाने भरलेलं रजिस्टर माझ्यापुढे सहीला येतं. दोन महिने मी सही केली. केंद्रचालक आमच्या गावचेच, सासऱ्यांच्या ओळखीतले. ते म्हणतात, 'मॅडम, सगळीकडे असंच चालतं. वरून पैसे सुटले की तुमचाही पगार सुटेल.' पगार १४ हजार, तीन महिन्यांचा थकलाय. मागच्या बॅचच्या दोघी बाजारात भेटल्या. त्यांना फोन आला होता, कुणी विचारलं तर पुण्याला गारमेंट कंपनीत कामाला आहोत असं सांगा. दोघी गावातच आहेत. तक्रार केली तर केंद्र बंद पडेल आणि ज्या अकरा जणी मन लावून शिकतायत त्यांचं नुकसान होईल. माझं तर होईलच. घरचे म्हणतात, गप्प बस. मी काय करू? आणखी एक. पगाराच्या बदल्यात केंद्रातली दोन मशीन घरी आणून ठेवू, असं माझे मिस्टर म्हणतात. चालेल का? तिथल्या कात्र्यासुद्धा बोथट आहेत, मी माझीच नेते.
– एक प्रशिक्षिका"

ताई,

आधी एकच गोष्ट. या महिनाअखेरीला ते रजिस्टर समोर आलं की सही करायची नाही. बाकीचं सगळं आपण निवांत बोलू.

मी हे इतकं ठासून सांगतोय कारण मी ती सही करून बसलोय. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा शिल्पनिदेशक होतो. नोकरीला लागून दोन वर्षं झाली असतील. हॅक्सॉ ब्लेडची खरेदी आली. कागदावर बारा डझन, खोक्यात चार डझन. वरिष्ठ म्हणाले, "उरलेली पुढच्या आठवड्यात येतायत, तू साठा रजिस्टरला घेऊन टाक, बिल अडलंय." माणूस चांगला होता. माझ्या लग्नाला आला होता. मी बारा डझन 'मिळाले' असं लिहून सही केली. पुढचा आठवडा काही उजाडला नाही. सहा वर्षांनी ऑडिट आलं, पॅरा म्हणजे लेखी आक्षेप निघाला आणि खुलासा कुणाकडे मागितला? रजिस्टरवर ज्याची सही त्याच्याकडे. वरिष्ठ तोवर रिटायर होऊन गावी गेले होते. रक्कम किरकोळ होती, पण वसुलीच्या त्या पत्राने माझी वेतनवाढ दीड वर्ष लटकली आणि बायकोपुढे मान खाली गेली ती वेगळीच. मुद्दा ब्लेडचा नव्हता. कागदावरच्या आठ डझन ब्लेडचे पैसे माझ्या सहीने सुटले होते.

तुमच्याकडे ब्लेडच्या जागी मुली आहेत, एवढाच फरक.

तुमची योजना केंद्र सरकारची की राज्याची ते पत्रात नाही, पण पैशाची नळी बहुतेक ठिकाणी सारखीच असते. ती समजून घ्या, म्हणजे केंद्रचालक तुमच्या सहीसाठी एवढे का अडून बसलेत ते कळेल. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्या २०१६ ते २०२० च्या टप्प्यात प्रशिक्षण केंद्राला पैसे तीन हप्त्यांत मिळायचे: बॅच सुरू झाली की ३० टक्के, मुलं परीक्षा पास झाली की ५० टक्के, आणि नोकरी लागल्याचा पुरावा दिला की उरलेले २०. दर ठरायचा तासाला, माणशी.

आता हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी मी धरलेले आहेत, तुमच्या केंद्राचे नव्हेत. तासाला माणशी ४० रुपये आणि ३५० तासांचा कोर्स धरला तर एका मुलीमागे १४ हजार होतात. तीस जणींचे ४ लाख २० हजार. अकरा जणींचे १ लाख ५४ हजार. मधले २ लाख ६६ हजार म्हणजे रजिस्टरवरच्या एकोणीस रिकाम्या खुर्च्या. त्या खुर्च्यांवर माणूस बसवायचं काम तुमच्या सहीचं.

केंद्रचालकांना नुसता चोर म्हणून मोकळं व्हावं असं मला वाटत नाही. गाळ्याचं भाडं, लाइटबिल, मशीनचे हप्ते, तुमचा पगार हे सगळं अकरा मुली आल्या तरी तेवढंच आणि तीस आल्या तरी तेवढंच. सोलापूरकडे ज्वारीची काढणी निघाली, द्राक्षाची छाटणी लागली की रोजाचे पैसे हातात पडतात. वर्गात बसून काय पडतं? मुली नाव घालतात, आठवडाभर येतात आणि गळतात. म्हणजे त्या एकोणीस जणी सगळ्याच बनावट असतील असं नाही. त्या आल्या होत्या, गेल्या. नियमाप्रमाणे गळती दाखवावी तर पैसे कापले जातात, न दाखवावी तर कुणी विचारत नाही. डोकी मोजून पैसे द्यायचं ठरवलं की डोकी तयार होणारच. आमच्या आयटीआयमध्ये उलटा रोग होता. वर्गात वीस पोरं असोत की बारा, माझा पगार पहिल्या तारखेला जमा. म्हणून आमच्यातले काही जण वर्कशॉपला कुलूप लावून पेपर वाचत बसायचे. खोटी हजेरी लावायची कुणाला गरजच नव्हती, खरी हजेरी वाढवायचीही नव्हती.

पण परिस्थिती समजली म्हणून सही करून द्यायची नसते. त्यांची अडचण त्यांनी वरच्यांना लिहून कळवावी. ती तुमच्या नावावर का?

"सगळीकडे असंच चालतं" हे मात्र ते अगदीच खोटं बोलत नाहीत. डिसेंबर २०२५ मध्ये कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या यंत्रणेचा, प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेवरचा अहवाल संसदेत मांडला गेला. २०१५ ते २०२२ या काळासाठी सुमारे १४,४५० कोटींची तरतूद आणि १.३२ कोटी लोकांना प्रशिक्षणाचं उद्दिष्ट, असा तो पसारा. ऑडिटवाल्यांनी पोर्टलवरच्या सुमारे ९५.९१ लाख नोंदी उघडल्या, तर त्यातल्या ९०.६६ लाख नोंदींत, म्हणजे ९४.५३ टक्के नोंदींत, बँक खात्याच्या रकान्यात शून्य, 'नल' किंवा नुसती मोकळी जागा. जिथे आकडे होते तिथेही काही जागी ओळीने एकाच अंकाची रांग. मंत्रालयाचं म्हणणं असं की पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जाणार होते म्हणून खाते क्रमांकाची सक्ती काढली होती. असेल. पण मग 'एक एक एक एक' असा खाते क्रमांक टाइप कुणी केला असेल? कुणीतरी तुमच्याच वयाच्या पोराने, संध्याकाळी सात वाजता, "आजच्या आज एंट्री संपव" असं ऐकून. त्या पोराची यूजर आयडी आजही त्या नोंदीला चिकटलेली असणार.

मला त्या अहवालातली सगळ्यात बोलकी गोष्ट वेगळीच वाटली. ऑडिटवाल्यांनी उमेदवारांना ईमेल पाठवून विचारपूस केली. एक तृतीयांशाहून जास्त ईमेल पोचलेच नाहीत. उत्तरं आली ती १७१. त्यातली १३१ एकाच ईमेल पत्त्यावरून किंवा प्रशिक्षण संस्थेच्याच पत्त्यावरून आलेली! तुमच्या त्या दोन मुलींना फोन आला ना, "पुण्यात कामाला आहोत म्हणा", तो याच घरातला भाऊ. फक्त इकडे मुलींकडून वदवून घ्यायचं, तिकडे स्वतःच बोलून टाकलं.

आणि नोकऱ्या? अल्पमुदतीचं प्रशिक्षण घेतलेल्या आणि त्याच्या जोडीच्या विशेष प्रकल्पांतल्या सुमारे ५६ लाख प्रमाणपत्रधारकांपैकी २३ लाखांच्या आसपास, म्हणजे ४१ टक्के लोकांना काम लागल्याची नोंद आहे. यातली गारमेंट कंपनीवाली किती, ते तुम्हीच ताडा. योजनेच्या चौथ्या टप्प्यात तर नोकरीचा माग ठेवणंच सोडून दिलं. उमेदवाराने आपली वाट आपण निवडावी, असं त्याचं कारण देतात. मोजायला अवघड म्हणून मोजायचंच नाही, ही युक्ती आमच्या वर्कशॉपमध्ये कुणी केली असती तर मी त्याला बाहेर उभा केला असता.

थोडं विषयांतर होईल, पण सांगतोच. आयटीआयमध्ये 'जॉब' म्हणजे नोकरी नव्हे. पोराने कानशीने घासून चौकोनी केलेला लोखंडाचा तुकडा म्हणजे जॉब. परीक्षेला तो उजेडापुढे धरायचा, गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार लावायचं आणि फटीतून उजेड दिसतो का बघायचं. दिसला तर पोरगं अजून कच्चं आहे. त्यावर नंबर ठोकून जॉब जपून ठेवायचा, म्हणजे उद्या कुणी मार्कांवर शंका घेतली तर लोखंडच बोलेल. या कौशल्य योजनांमध्ये देखरेखीसाठी अंगठा आहे, आधार आहे, जिओटॅग फोटो आहे, पोर्टल आहे. मुलीने शिवलेला ब्लाउज मात्र कुठेच नाही. मुंढ्याचा गोल बसलाय का, टक्स दोन्ही बाजूंनी सारखे आलेत का, हे बघायला एक दिवस परीक्षक येतो, आणि त्या दिवशी तीस बायका कुठून उगवतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

बरं, आता कामाचं बोलू.

सही नाकारायची म्हणजे भांडण करायचं असं नाही. रोज वर्ग सुटताना तुम्हीच रजिस्टर मागून घ्या आणि हजर मुलींच्या नावापुढे तुमच्या हाताने खूण करा. गैरहजर रकान्यात 'गै' लिहा, मोकळा ठेवू नका. मोकळा रकाना म्हणजे आमंत्रण. खाली चेकवर लिहितो तसं अक्षरी लिहा: "आज एकूण उपस्थित अकरा फक्त", सही, तारीख. रजिस्टर तुमच्या हाती देतच नसतील तर मग दोनशे पानी वही घ्या. तारीख, किती आल्या, काय शिकवलं. 'मंगळवार, अकरा जणी, कटोरीचं ड्राफ्टिंग, दोघींचं अस्तर चुकलं.' एवढंच. शिकवलेल्या धड्याचा तपशील असला की ती वही खरी वाटते, कारण ती खरी असते. आणि दर शनिवारी केंद्रचालकांना व्हॉट्सअॅपवर साधा मेसेज टाका: "सर, या आठवड्याची सरासरी उपस्थिती अकरा. कळावे." ते उत्तर देणार नाहीत. निळ्या खुणा आल्या तरी पुरे.

महिनाअखेरीला रजिस्टर आलं की म्हणा, "सर, मी शिकवलेल्या अकरा जणींपुढे सही करते. बाकीच्यांचं तुम्ही बघा." सासऱ्यांच्या ओळखीचे आहेत म्हणालात, मग सासऱ्यांसमोरच बोला. चहाच्या वेळी. चारचौघांत माणूस जपून बोलतो.

एक पथ्य मात्र पाळा. मुलींच्या आधार कार्डांचे फोटो किंवा बँकेचे तपशील पुरावा म्हणून स्वतःच्या फोनमध्ये साठवू नका, कुणाला पाठवू नका. त्यातून उलट तुम्हीच अडकाल. रजिस्टरच्या ज्या पानावर तुमची सही आहे त्या पानापुरता फोटो ठेवा. आणि पोर्टलवर तुमच्या टीआर आयडीखाली, म्हणजे प्रशिक्षक म्हणून मिळालेल्या नोंदणी क्रमांकाखाली, कोणत्या बॅचा दाखवल्या आहेत ते एकदा तपासा. एका प्रशिक्षिकेचं नाव एकाच वेळी दोन गावांत शिकवताना दाखवलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. तिला पत्ताच नव्हता.

आता त्या दोन महिन्यांच्या सह्या. त्या झाल्या, त्या पुसता येत नाहीत. घाबरवायचं म्हणून नाही, पण माहीत असावं: ज्याला आपण इतकी वर्षं 'चारशे वीस' म्हणायचो ते फसवणुकीचं कलम जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, आणि खोटे हिशेब लिहिण्याचं कलम वेगळं, ३४४. कुणी उद्या लगेच येऊन पकडणार नाही. पण आपणहून आधी बोललेला माणूस आणि सापडल्यावर बोललेला माणूस यांच्यात तपासणारा फरक करतोच. म्हणून तक्रारीच्या आधी वकिलाशी बोला. पैसे लागत नाहीत. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला तिथे मोफत सल्ला आणि वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. तालुक्याच्या कोर्टातही त्यांची समिती असते. वही आणि मेसेज घेऊन जा, दोन महिन्यांच्या सह्यांचं काहीही न लपवता सांगा आणि खुलाशाचं पत्र त्यांच्याकडूनच नीट लिहून घ्या.

तक्रार कुणाकडे? गावातल्या पुढाऱ्याकडे तर नकोच. तो केंद्रचालकाला फोन करेल, दोघं चहा पितील, विषय संपेल. जिल्ह्याला कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे, तिथे सहायक आयुक्त बसतात. जिल्हा कौशल्य विकास कार्यकारी समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. दोघांना एकच पत्र द्या, आवक-जावकला जाऊन शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. 'आपले सरकार'वरही तक्रार टाकता येते. योजना केंद्र सरकारची असेल तर त्यांच्या तक्रार पोर्टलवरही. पत्रात 'भ्रष्टाचार', 'लूट' असले शब्द नकोत. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मी प्रत्यक्ष इतक्या जणींना शिकवलं, रजिस्टरवर इतक्या दिसतात, इतकंच. शिव्या वाचून अधिकारी फाइल बाजूला ठेवतो, आकडे वाचून त्याला काहीतरी शेरा मारावाच लागतो.

तक्रारदाराला संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये मंजूर केला, पण तो अंमलात आणलेला नाही. त्याच्या भरवशावर राहू नका. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर तक्रारीच्या आधी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला असता, आणि तोही स्वतःच्या नावाने नाही. तुमच्या गावात कुणीतरी निवृत्त मास्तर असतीलच, ज्यांना अशा कामाची हौस असते. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो. मजकूर साधारण असा: "अमुक तालुक्यातील अमुक केंद्राच्या चालू आर्थिक वर्षातील प्रत्येक बॅचची मंजूर संख्या, मधूनच सोडून गेलेल्यांची संख्या, संस्थेला दिलेली हप्तेवार रक्कम व दिनांक, अधिकाऱ्यांनी केलेल्या तपासणीचे दिनांक व तपासणी अहवालांच्या प्रती मिळाव्यात." मुलींची नावं मागू नका. ती वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतील आणि त्या निमित्ताने सगळाच अर्ज गुंडाळतील. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील.

तपासणीच्या तारखा का मागायच्या ते सांगतो. आमच्या भागात एका केंद्राची तपासणी होती. शिलाई मशीन वीस हवीत, होती आठ. बाकीची शेजारच्या तालुक्यातल्या दुसऱ्या केंद्रातून टेम्पोने रात्री आली. पुढच्या आठवड्यात त्या दुसऱ्या केंद्राची तपासणी, तीच मशीन परत टेम्पोत. एका मशीनच्या टेबलावर कुणीतरी लाल नेलपॉलिशने 'सुनंदा' लिहिलेलं होतं. ते नाव दोन्ही अहवालांच्या फोटोंत होतं. पण दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघणार कोण?

आता तुमच्या खऱ्या दुखण्याकडे येतो. अकरा मुली.

तक्रार झाली की केंद्र त्याच दिवशी बंद पडतं असं समजू नका. पत्रव्यवहाराला महिने जातात, तेवढ्यात तुमची बॅच संपलेली असेल. तरी धरून चालू की बंद पडलं. मग त्या मुलींचं काय जातं? एक प्रमाणपत्र. शिवण जात नाही. शिवणकामात, ताई, ते प्रमाणपत्र बघून कुणी ब्लाउज टाकत नाही. शेजारणीच्या अंगावरचा बघून टाकतं. कर्जाच्या अर्जाला वगैरे कागद लागतो, तो बिनमोल आहे असं मी म्हणत नाही. म्हणून परीक्षा होईपर्यंत शिकवणं सोडू नका. तुम्ही सही नाकारलीत, नोकरी सोडलेली नाही. दोन्ही एकदम करायची काही गरज नाही. पगार थकलाय म्हणून उद्यापासून येणं बंद केलंत तर केंद्रचालक त्या रजिस्टरवर दुसऱ्या कुणाची तरी सही घेईल आणि अकरा जणींना शिकवणारंही कुणी उरणार नाही.

त्यांना या महिन्यात दोन गोष्टी द्या, ज्या अभ्यासक्रमात नसतील. एक, प्रत्येकीने बाहेरच्या खऱ्या गिऱ्हाइकाचे तीन ब्लाउज शिवायचे. मापं तिने घ्यायची, बिघडलं तर उसवून तिनेच द्यायचं, पैसे तिने मागायचे. पैसे मागणं हे यातलं सगळ्यात अवघड काम आहे, आमची फिटरची पोरंसुद्धा तिथेच अडायची. दुसरी गोष्ट म्हणजे शाळेचे गणवेश. २०२४-२५ मध्ये सरकारने राज्यभर एकच गणवेश आणि शिलाई महिला बचत गटांकडे, माविम म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत, असं ठरवलं होतं. कापड उशिरा, मापं चुकीची, पोरं निम्मं वर्ष जुन्याच कपड्यात. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरवला आणि गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आलं. म्हणजे आता हा निर्णय मुंबईत होत नाही, तुमच्या गावच्या शाळेत होतो. तुमच्या अकरा जणींपैकी कुणाचं तरी पोरगं त्या शाळेत असणारच. समितीत पालकच जास्त असतात. मे महिन्याच्या आत दोन मापांचे नमुने शिवून मुख्याध्यापकांपुढे ठेवा. काम मिळेलच असं मी सांगत नाही, ठेकेदार आधीच बसलेला असतो. पण नमुना हातात घेऊन आलेल्या बायकांना नाही म्हणणं कोऱ्या हाताने आलेल्यांपेक्षा जड जातं.

त्या मागच्या दोघींना निरोप द्या. फोन पुन्हा आला तर "मी गावात आहे, मला काम लागलेलं नाही" एवढंच खरं ते सांगायचं. आपण घाबरतो की प्रमाणपत्र काढून घेतील. नोकरी लागली नाही म्हणून कुणाचं प्रमाणपत्र काढून घेत नाहीत.

पगाराचं. नेमणुकीचं पत्र आहे का बघा. नसेल तर बँकेत पूर्वी जमा झालेला पगार हाच पुरावा, पासबुक भरून घ्या. तीन महिन्यांच्या थकबाकीचा अर्ज केंद्रचालकांना लेखी द्या, पोच घ्या. पंधरा दिवस वाट बघून सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे जा. हा अर्ज आणि रजिस्टरची तक्रार एका पत्रात घालू नका. घातलीत तर "पगार दिला नाही म्हणून आरोप करते" असं म्हणायला त्यांना आयतं मिळेल. आधी पगाराचा मिटला तर उत्तमच. पण "सही कर, मग पगार देतो" असं कुणी म्हणालं तर ते वाक्य व्हॉट्सअॅपवर लिहून घ्यायचा प्रयत्न करा. "सर, पगारासाठी तीस जणींपुढे सही करावी लागेल असं आपण म्हणालात, मला ते जमणार नाही" असा मेसेज तुम्हीच टाकलात तरी चालतं.

राहिली मशीन. तुमच्या मिस्टरांचा राग मला समजतो, पण नाही. मशीन भाड्याची असतील, कर्जावर घेतलेली असतील, अनुदानाच्या यादीत असतील. कुणाचीही असली तरी तुमची नाहीत. ज्या दिवशी तुम्ही दोन मशीन रिक्षात घालाल त्या दिवशी गावात चोर कोण ते ठरेल, आणि रजिस्टरचा विषय कायमचा मागे पडेल. केंद्रचालक तर याचीच वाट बघत असतील. कात्री मात्र तुमची स्वतःची आहे ना? ती रोज संध्याकाळी घरी आणा. टेपही.